उर्मिलाचा गुडघा

गेल्या शनिवारी पणजीहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये पर्वरीला एक म्हातारा चढला आणि त्याने आपली पिशवी माझ्या पायाशी ठेवली. पिशवीत काजूची बोंडं होती. पिवळी, लाल, काही वाटेतच फुटलेली. दोन मिनिटांत तो वास बसभर झाला. गोडसर, आंबूस, घशात जरा खवखवणारा. मागच्या सीटवरच्या पर्यटक मुलीने नाकाला रुमाल लावला. मी खिडकीची काच सरकवली आणि तोंड बाहेर केलं, तर बाहेरही तोच वास होता.

मी वास्कोत राहते. तिथं हा वास पोचत नाही. तिथं समुद्र, डिझेल आणि ओल्या दोरखंडांचा वास असतो, आणि त्याची मला सवय झाली आहे. काजूच्या दिवसांत मी पेडण्याला घरी जायचं टाळते. आईला वाटतं, स्पर्धा असतात. खरंच असतातही. चौदा वर्षं मी बंदरातल्या एका खात्याच्या संघातून बास्केटबॉल खेळले. नोकरीही तिथलीच. मार्च-एप्रिलमध्ये कुठल्या ना कुठल्या शहरात सामने असायचेच, त्यामुळे सबब आयती मिळायची. यंदा सबब उरली नाही. फेब्रुवारीत मी शेवटचा सामना खेळले. तोही हरलो.

निरोपाच्या समारंभात मला शाल दिली आणि चार शब्द बोलायला सांगितलं. मी सांघिक भावनेवर बोलले. पाच बोटं वेगळी असली तरी मूठ एक असते, वगैरे. असं बोलायची इतकी सवय झाली आहे की वाक्यं आपोआप येतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नव्या मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि घरी येऊन नुसती कदेलवर, खुर्चीतच, बसून राहिले. जेवलेही नाही.

त्या शेवटच्या हंगामात मी छत्तीस वर्षांची होते. ज्या हंगामाबद्दल हे सगळं आहे, त्यात बावीस.

शिकायला मी डिचोलीला मावशीकडे होते. आमचं कोर्ट एका शाळेच्या मागे, रस्त्याला लागून. साधं सिमेंटचं, एका कोपऱ्यात भेग गेलेलं. रस्त्यावरून दिवसभर खाणीचे ट्रक धावायचे आणि त्यांची तांबडी धूळ कोर्टावर येऊन बसायची. आम्ही चार वाजता यायचो, आधी झाडू मारायचो, मग खेळायचो. तासाभरात चेंडू परत तांबडा, तळवे तांबडे, घाम पुसला की कपाळही तांबडं. कोर्टाच्या मागे काजूंचा डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी फेणीची भट्टी. संध्याकाळचा वारा फिरला की पिळलेल्या बोंडांचा वास थेट कोर्टावर यायचा. आम्ही धापा टाकत तोच वास छातीत भरून घ्यायचो. म्हणून असेल, पण अजूनही तो वास आला की मला दम लागल्यासारखं होतं.

उर्मिला आमच्या संघातली सगळ्यांत उंच मुलगी. पाच फूट अकरा इंच. तिचे वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कधी कधी ते कोर्टाजवळून जाताना ट्रक हळू करून हॉर्न द्यायचे, आणि ती मान वर न करता एक हात हवेत उंचावायची. गावात तिला लोक वळून बघायचे. लग्नं जुळवणाऱ्या बायांमध्ये तिच्या उंचीची काळजी चालायची. ती वाकून चालायची, खांदे पुढे घेऊन, जणू कुणाची तरी माफी मागत असल्यासारखी. कोर्टाच्या रेषेच्या आत पाय टाकला की मात्र ती सरळ व्हायची. तिला तशी सरळ होताना मी रोज बघायची. बघायला फार बरं वाटायचं.

आमच्या खेळात स्क्रीन नावाचा एक प्रकार असतो. आपल्या गड्यामागे समोरच्या संघाची जी खेळाडू लागलेली असते, तिच्या वाटेत जाऊन नुसतं उभं राहायचं. हलायचं नाही, हात लावायचा नाही. ती येऊन धडकते, तेवढ्या एका क्षणात आपला गडी मोकळा होतो आणि चेंडू टाकतो. धडक छातीवर घ्यायची, बरगडीवर घ्यायची, आणि कोसळायचं नाही. उर्मिला हे असं करायची की धडकणारीलाच लागायचं. त्या काळात मी जितक्या बास्केट केल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त तिच्या उभं राहण्यामुळे झाल्या. स्कोअरशीटवर कोणी किती गुण केले ते लिहितात. कोण उभं राहिलं होतं, ते लिहायला रकाना नसतो.

गावस सर आमचे प्रशिक्षक. शाळेत व्यायाम शिकवायचे, बाकी वेळ आमच्यामागे घालवायचे. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या कुठल्याही संघाने काही मोठं जिंकलेलं नव्हतं. त्या वर्षी आम्ही जिंकू असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि त्यामुळे ते फार हळू बोलू लागले होते. उन्हाळी स्पर्धा होती. अंतिम सामना वास्कोला, आणि तो बघायला बंदरातल्या खात्याची माणसं येणार होती, दोन मुली निवडायला. दोन. आम्ही ते ऐकलं त्या दिवशी उर्मिला आणि मी कोर्टाच्या कट्ट्यावर बसून बोंडं खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळू दिला, आणि वास्कोत खोली कुठे घ्यायची याच्यावर बराच वेळ बोललो. समुद्र दिसणारं जनेल हवं, असं तिचं म्हणणं होतं. मला वाटत होतं, भात स्वस्तात मिळणारी खानावळ जवळ असली म्हणजे झालं.

उपांत्य सामन्यात तिचा गुडघा गेला.

ती रिबाउंडला, रिंगला लागून परत येणाऱ्या चेंडूसाठी, उंच उडाली आणि खाली येताना तिचा पाय दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडला. आवाज मला ऐकू आला. ओली काटकी मोडावी तसा, दबका. ती बसली, उठली, लंगडत चार पावलं चालली आणि म्हणाली की काही नाही. उरलेला सामना ती बाकावर बसली आणि आम्ही कसाबसा जिंकलो. सर बाकीच्या मुलींना घेऊन बसने गेले. मी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. गुडघा तोवर नारळाएवढा झाला होता.

डॉक्टरांनी तपासलं, पाय इकडून तिकडे वळवून पाहिला. मग कंपाउंडर तिला आतल्या बाजूला पट्टी बांधायला घेऊन गेला आणि डॉक्टरांनी मला विचारलं, घरचं कोणी आहे का. मी म्हटलं, नाही, मी कप्तान आहे. त्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "आतला बंध फाटलेला दिसतो. पुरता तुटलेला नाही, पण फाटलाय. आधी एमआरआय काढा. तोवर धावणं, उडी, काही नाही. आत्ता खेळली तर हा गुडघा परत तसा होणार नाही. तिच्या घरी नीट सांगा."

मी हो म्हटलं.

अंतिम सामना तीन दिवसांवर होता.

परतताना रिक्षात तिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, मुरगळलाय, सूज उतरली की बरं होईल म्हणाले, पट्टी ठेवायला सांगितली. ती पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, बरं.

हे मी का केलं, याची कारणं मी इतक्या वर्षांत खूप गोळा केली. बावीस वर्षांच्या मुलीला गुडघ्याचं काय कळतं, हे एक. डॉक्टर नेहमीच जास्त सांगतात, हे दुसरं. तिचीही निवड व्हायची होती, न खेळता कशी होणार, हे तिसरं, आणि ते मला सगळ्यांत आवडायचं, कारण त्यात मी तिच्या भल्याची होते. खरं कारण एवढंच की तिच्याशिवाय मी मोकळी होत नव्हते. ती उभी राहिली तरच मला चेंडू टाकायला जागा मिळायची, आणि मला जिंकायचं होतं.

सामन्याच्या दिवशी दुपारी वास्कोला पोचलो. मैदान बंदराकडच्या बाजूला, मागे क्रेनच्या माना. सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात बारा नावांचा कागद होता. त्यांनी विचारलं, "चालेल का ती?"

मी म्हटलं, "चालेल."

दुसरं काही मी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. आता वाटतं, त्यांना विचारायचंच नव्हतं. मला जसं सांगायचं नव्हतं तसंच. संघ म्हणजे काय, तर एकमेकांना न विचारलेल्या गोष्टी, असं मी आता म्हणू शकते, पण समारंभात असं बोलता येत नाही.

ती खेळली. पट्टी बांधून, एका पायावर भार टाकत. पहिल्या अर्ध्यात दोनदा खाली बसली आणि दोनदा उठली. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू माझ्याकडे होता. मी हाताने खूण केली आणि ती आली, नेहमीसारखी, माझ्या बाजूला येऊन पाय रोवून उभी राहिली. माझ्या मागे लागलेली मुलगी पूर्ण वेगात तिच्यावर आदळली. मी मोकळी झाले. चेंडू हातातून सुटला तेव्हाच कळलं की जाणार. रिंगला न लागता गेला.

शिट्टी झाली. सगळ्या मुली माझ्याकडे धावल्या. त्यांनी मला उचललं. सर रडत होते, त्यांचा चष्मा खाली पडला होता आणि तो कोणी तरी तुडवला. मी खांद्यांवर होते, म्हणून मला सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडचं दिसलं. उर्मिला कोर्टावर आडवी पडली होती. उजवा पाय विचित्र बाजूला. ओरडत नव्हती. तिच्याजवळ समोरच्या संघातली ती धडकलेली मुलगी गुडघे टेकून बसली होती आणि तिचं डोकं धरून होती. आमच्यातलं कोणी नव्हतं. मला खाली उतरवा, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. थोडाच असेल. पण तो वेळ मी वर होते.

त्या क्षणाचा एक फोटो आहे. मावशीने फ्रेम करून पुढच्या ओसरीत, बाल्कांवात लावला होता. त्यात मी हसते आहे.

पुढचं थोडक्यात. तिचं ऑपरेशन झालं, पण उशिरा, आणि नंतर पाय पूर्ण सरळ झालाच नाही. खात्याने दोन मुली घेतल्या, एक मी आणि एक समोरच्या संघातली. पुढच्या वर्षी खाणी बंद पडल्या आणि तिच्या वडिलांचा ट्रक घरासमोर उभा राहिला, मग त्याच्यावर वेल चढली. मी सुरुवातीला महिन्यातून एकदा जायची. ती चहा करायची, लंगडत आत-बाहेर करायची, वास्कोच्या गोष्टी विचारायची. समुद्र दिसतो का खोलीतून, असं तिने एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. दिसायचा. मग माझं जाणं चतुर्थीपुरतं उरलं, मग फोनपुरतं. तिचं लग्न झालं नाही. गावस सरांनी मुलींना शिकवणं सोडलं. त्यांना कोणीतरी काही सांगितलं होतं की त्यांनीच ताडलं, कुणास ठाऊक. मला रस्त्यात भेटले की अभिनंदन करायचे आणि लगेच निघायचे.

आणि मी खेळत राहिले. चौदा वर्षं, किती शहरं, किती हॉल. लाकडी जमिनीचे चकचकीत हॉल, जिथं तळवे तांबडे होत नाहीत. जिंकले त्याचा आनंद आंघोळ होईपर्यंत टिकायचा. हरले त्याचं दुःख जरा जास्त टिकायचं, पण तेही एखाद्या प्रवासाएवढंच. लोकांना वाटतं, खेळाडू जिंकण्या-हरण्यावर जगतो. मी त्यातल्या कशावरही जगले नाही. इतर मुलींनी माझ्यासाठी स्क्रीन घेतले. चांगल्या मुली होत्या. प्रत्येक वेळी कोणी धडक घेतली की मी चेंडू टाकायच्या आधी तिच्या पायांकडे बघायची. तेवढ्या अर्ध्या क्षणाने माझे कित्येक नेम चुकले. प्रशिक्षक म्हणायचे, तुझं लक्ष कुठे असतं. मी म्हणायची, सॉरी सर.

त्या म्हाताऱ्याने म्हापशाला पिशवी उचलली आणि उतरला. मला पेडण्याची बस धरायची होती. मी डिचोलीच्या बसमध्ये बसले.

उर्मिला आता एका काजूच्या कारखान्यात आहे. सोललेल्या गरांची वर्गवारी करायची, अख्खे एकीकडे, तुकडा एकीकडे. बसून करायचं काम. मी फाटकाशी निरोप दिला आणि जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. डोक्याला फडका, हातांना पिठासारखी पांढरी पूड. अजून तेवढीच उंच, आणि पूर्वीपेक्षा जास्त वाकलेली. मला बघून तिला नवल वाटलं नाही. आम्ही फणसाच्या झाडाखाली एका ओंडक्यावर बसलो. तिने डबा उघडला, अर्धा उंडो पाव आणि भाजी माझ्यापुढे केली. मी म्हटलं, भूक नाही. मग मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, जसंच्या तसं. मला एकेक शब्द पाठ होता. मी रडेन असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही.

ती जेवत राहिली. घास गिळून मग म्हणाली, "माका ठाव आसा गो. आत पट्टी बांधताना सगळां ऐकाक येत होतां."

मी ओंडक्याची साल सोलू लागले.

"रिक्षात म्हणून इचारलंय तुका. म्हटलां, आता सांगतली." तिने डब्याचं झाकण लावलं. "सरांनी तुका इचारलां, चालात काय ती, तेव्हा मी तुझ्या मागेच होतंय, बूट बांधीत. तेव्हा परत म्हटलां, आता सांगतली."

मी विचारलं, "मगे तूच कित्याक नाय सांगलंस?"

राग नव्हता तिच्या तोंडावर. एखाद्या लहान मुलीला हिशेब समजावावा तशी ती सावकाश म्हणाली, "मी सांगलां असतां तर, भियेली, म्हटलां असतां सगळ्यांनी. तू सांगलां असतां तर ती काळजी झाली असती."

कारखान्याची घंटा झाली. बाकीच्या बाया उठून आत जाऊ लागल्या. उर्मिला उठली, आधी डावा पाय, मग हाताने धरून उजवा. जाता जाता म्हणाली, "चौदा वर्सां तू ह्यां पोटात घेवन फिरलंस. आता तुका बरां वाटाक होयां म्हणून इलंस. माका त्याचां काय गो? ह्यां सांगूक परत येव नको." आणि मग, आईला विचारलं म्हणून सांग, असंही म्हणाली, कारण ती तशी मुलगी आहे.

चौदा वर्षं मी समजत होते की माझ्याकडे एक गुपित आहे, आणि धीर करून मी ते तिला दिलं की काहीतरी होईल. ती रडेल, मला मारेल, हाकलून देईल, कदाचित माफ करेल. तिला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं. ते तर पहिल्या दिवसापासून तिच्याचकडे होतं. मी खोटं बोलले हे तिला ठाऊक होतं, आणि तरी मी खूण केल्यावर ती येऊन उभी राहिली. भाबडेपणाने उभी राहिली असती तर मी ते सहन केलं असतं. सगळं जाणून ती उभी राहिली. मी शेवटच्या क्षणापर्यंत थांबवीन, असं धरून.

पेडण्याला पोचेस्तोवर तिन्हीसांज झाली. आईने विचारलं, उशीर का. मी म्हटलं, बस चुकली. घराच्या मागे शेजाऱ्यांची भट्टी पेटली होती. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या तर आई म्हणाली, एवढ्या उकाड्यात काय करतेस.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी बोलावलं. मुलींच्या संघाला प्रशिक्षक हवी आहे आणि सगळ्यांचं एकमत आहे की ती मीच असावी. नवी पोरं तुझ्याकडे बघून खेळतात, म्हणाले. निरोपाच्या दिवशी तू जे बोललीस त्याची अजून लोक आठवण काढतात. टेबलावर नावांचा कागद होता. बारा मुली. मी ती नावं वाचली. दोघी डिचोलीच्या होत्या, एक मोरजीची.

मी म्हटलं, मला जमणार नाही.

ते चकित झाले. कारण काय, म्हणून विचारलं. खिडकीतून बंदर दिसत होतं, एक बोट निघायच्या तयारीत होती. खरं सांगायचं असतं तर तीच वेळ होती, आणि ऐकणारं माणूसही बरं होतं.

मी म्हटलं, "गुडघा दुखतो हल्ली, साहेब."

त्यांनी हळहळून मान हलवली. खेळाडूंचं हे असंच असतं, म्हणाले, शरीर किती देतं. मग उठून त्यांनी स्वतः माझ्यासाठी दार उघडलं, आणि लांबच्या लांब कॉरिडॉरमधून मी परत माझ्या टेबलाकडे चालत आले, सरळ, ताठ. चौदा वर्षं खेळूनही माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.